पूर्वपक्ष ऐकू येतो का?

ख्रिस्ती श्रद्धेवरच्या आक्षेपांना तर्काने उत्तर देण्याच्या विद्येला अपॉलॉजेटिक्स म्हणतात. ही विद्या एके काळी सेमिनरीच्या भिंतींआड, जाडजूड ग्रंथांतून शिकली जाई. आज ती मुख्यतः कानांनी शिकली जाते. पॉडकास्ट, गाजलेल्या वादसभांची ध्वनिमुद्रणे, व्याख्यानमाला, स्वयंसेवकांनी वाचून ठेवलेले जुने ग्रंथ असा मोठा साठा मोबाइलवर फुकट मिळतो. वसईच्या किंवा नगरच्या एखाद्या ख्रिस्ती मुलाला कॉलेजात मित्राने विचारले, ‘देव आहे कशावरून?’, तर उत्तरासाठी तो फादरांकडे किंवा पाळकांकडे जाण्याआधी इअरफोन लावतो. त्यात वाईट काही नाही. अडचण निवडीची आहे. वक्ता किती प्रसिद्ध आहे, आपल्या पंथाचा आहे का, बोलतो कसा, यावर ही निवड सहसा होते. माझ्या मते कसोटी वेगळी हवी. त्या ध्वनिमुद्रणात पूर्वपक्ष ऐकू येतो का, म्हणजे आक्षेप घेणाऱ्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आणि पूर्ण ताकदीने मांडले जाते का, हे आधी पाहावे. बाकीचे गुण त्यानंतर.

ही मागणी आधुनिक सौजन्यातून आलेली नाही, ती या विद्येच्या मुळातच आहे. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञाने ख्रिस्ती धर्मावर घणाघाती टीका करणारा ग्रंथ लिहिला. तो मूळ ग्रंथ आज नाही, तरी त्यातला बराच मजकूर आपल्याला माहीत आहे तो ख्रिस्ती विद्वान ओरिजेनमुळे. सुमारे सत्तर वर्षांनी सेल्ससला उत्तर देताना ओरिजेनने त्याचे म्हणणे तुकड्यातुकड्याने त्याच्याच शब्दांत उतरवले आणि मग एकेका तुकड्याचा समाचार घेतला. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या मोठ्या टीकाकाराचे शब्द टिकले ते त्याच्या ख्रिस्ती विरोधकाच्या पानांत. तेराव्या शतकात धर्मचिंतक थॉमस अक्वायनसने देवाच्या अस्तित्वाचे आपले सुप्रसिद्ध पाच मार्ग सांगण्याआधी दोन आक्षेप मांडले: जगात दुःख आणि दुष्टता असताना सर्वथा चांगला देव कसा असेल, आणि निसर्गाचे स्पष्टीकरण देवाशिवाय होत असेल तर देव हवाच कशाला? आजचा नास्तिकही मुख्यतः हेच दोन मुद्दे मांडतो. आपल्याकडची साक्षही याच बाजूची आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ ऐकण्यासाठीच रचलेला आहे. त्यात श्रोते मध्येच पाद्रीगुरूंना थांबवून शंका विचारतात आणि गुरू उत्तर देतात. मराठीतले श्रद्धेचे समर्थन असे कानासाठीच जन्माला आले, आणि तेही प्रश्नोत्तरांत.

रेडिओच्या युगात या विद्येला कानाचे वळण दिले ते सी. एस. लुईस यांनी. फेब्रुवारी १९४१ मध्ये बीबीसीच्या धार्मिक कार्यक्रमांचे प्रमुख जेम्स वेल्श यांनी ऑक्सफर्डच्या या साहित्याच्या अध्यापकाला पत्र लिहून बोलण्याचे निमंत्रण दिले. दुःखाच्या प्रश्नावरचे लुईस यांचे पुस्तक त्यांनी वाचले होते. त्या ऑगस्टमध्ये चार बुधवारी संध्याकाळी, पंधरा-पंधरा मिनिटे, लुईस बोलले. लंडनने नुकतेच महिनोन्‌महिने बॉम्बहल्ले सोसले होते, घरोघरी रेडिओ बातम्यांसाठी लागलेला असे, आणि श्रोत्यांपैकी अनेकांनी चर्चमध्ये जाणे कधीच सोडून दिले होते. लुईस यांनी बायबल उघडले नाही. त्यांनी भांडणापासून सुरुवात केली. या जागेवर आधी मी बसलो होतो, मी तुला माझ्यातले दिले मग तू का देत नाहीस, तू कबूल केले होतेस ना, अशी माणसे भांडतात तेव्हा दोघेही एका न लिहिलेल्या नियमाचा आधार घेतात. समोरचा त्या नियमाला धुडकावून लावत नाही, तो आपल्याला लागू कसा होत नाही एवढेच सांगू पाहतो. हा नियम आला कुठून, एवढाच त्यांचा पहिला प्रश्न. ऐकणाऱ्याला व्याख्या पाठ करावी लागत नाही, कालच घरात झालेली कुरबुर आठवली तरी मुद्दा कळतो.

मात्र यापुढे जे घडले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. श्रोत्यांची पत्रे आली. हा नियम म्हणजे निव्वळ कळपाची प्रवृत्ती नाही का, लहानपणी शिकवलेला सामाजिक संकेत नाही का, असे लोकांनी विचारले. सप्टेंबरच्या सुरुवातीला लुईस यांनी एक जादा भाषण या पत्रांच्या उत्तरासाठी दिले आणि पुढे ते पुस्तकात आक्षेपांवरच्या प्रकरणात आले. त्यांचे उत्तर साधे आहे: बुडणाऱ्याला वाचवावे ही एक ऊर्मी, स्वतःचा जीव सांभाळावा ही दुसरी. या दोहोंतली कोणती ऐकावी हे सांगणारी तिसरी गोष्ट स्वतःच एक ऊर्मी असू शकत नाही. उत्तर पटो वा न पटो, पण प्रश्न श्रोत्यांचा होता. दुसऱ्या मालेचा मजकूर त्यांनी अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि रोमन कॅथलिक अशा चार धर्मगुरूंना तपासायला दिला आणि कुणाचा कुठे मतभेद झाला हे पुढे प्रस्तावनेत सांगून टाकले. चार मालांतून १९५२ मध्ये ‘मिअर ख्रिश्चॅनिटी’ हे पुस्तक तयार झाले. ते करताना आवाजातला जोर दाखवणारी बहुतेक तिरपी अक्षरे आणि बोलण्यातले आखडते शब्द त्यांनी काढून टाकले. भाषण आणि लेखन या दोन वेगळ्या कला आहेत, त्यांची सरमिसळ करण्यात आपण चुकलो, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. त्या भाषणांची ध्वनिमुद्रणे बहुतांशी नष्ट झाली. जे थोडे उरले आहे ते ऐकण्यासारखे आहे. भारदस्त, संथ आवाज, उपदेशाचा सूर जवळपास नाही.

लुईस यांच्या दुसऱ्या मालेत एक कच्ची जागाही आहे. येशूने स्वतःबद्दल जे दावे केले ते पाहता तो एक तर वेडा, नाही तर लबाड, नाही तर खरोखर देव असला पाहिजे, त्याला नुसता थोर नीतिशिक्षक म्हणता येणार नाही, हा लुईस यांचा युक्तिवाद जगभर गाजला. शुभवर्तमानांचा अभ्यास करणारा टीकाकार विचारेल की ते दावे येशूनेच केले, नंतरच्या पिढीने त्याच्या तोंडी घातले नाहीत, हे आधी सिद्ध करायला नको का? हा चौथा पर्याय रेडिओवर कुणी मांडला नाही, कारण स्टुडिओत दुसरा माणूसच नव्हता. पत्र लिहिणारा सामान्य श्रोता नैतिकतेबद्दल विचारू शकत होता, ग्रंथचिकित्सेबद्दल विचारायला त्या विषयातला माणूस समोर हवा होता. एकाच आवाजाच्या ध्वनिमुद्रणाची मर्यादा इथे उघडी पडते, वक्ता लुईस यांच्या तोडीचा असला तरी.

समोर माणूस असला म्हणजे काय होते ते २८ जानेवारी १९४८ रोजी बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅमवर झालेल्या चर्चेत ऐकावे. एका बाजूला जेझुइट तत्त्वज्ञ फ्रेडरिक कोपलस्टन, दुसऱ्या बाजूला अज्ञेयवादी तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल. सुरुवातीलाच ‘देव’ म्हणजे आपण काय समजतो यावर दोघे एकमत करून घेतात. कोपलस्टन म्हणतात, जगातली प्रत्येक वस्तू आपल्या अस्तित्वासाठी दुसऱ्या कशावर तरी अवलंबून आहे. अशा परावलंबी वस्तू कितीही जमवल्या तरी त्यांच्या बेरजेतून स्वयंभू काही तयार होत नाही, म्हणून जिच्या अस्तित्वाचे कारण तिच्यातच आहे अशी सत्ता मानावी लागते. रसेल यांचे म्हणणे, प्रत्येक माणसाला आई असते म्हणून साऱ्या मानवजातीला एक आई असली पाहिजे असे ठरत नाही. घटकाला लागू पडणारे समग्राला लागू पडेलच असे नाही, विश्व आहे, आणि बोलणे तिथेच संपते. त्यावर कोपलस्टन सांगतात की पटासमोर बसून खेळीच करायची नाही असे ठरवले तर कुणालाच मात देता येणार नाही. दोघांपैकी कुणीही आवाज चढवत नाही. शिकणाऱ्याच्या दृष्टीने या संवादाचे मोल असे की खरा मतभेद नेमका कुठे आहे ते त्यात सापडते. विश्वाला समग्रपणे कारण विचारणे योग्य आहे का, या एका बिंदूवर दोघे थांबतात. एकट्या कोपलस्टन यांचे व्याख्यान ऐकून हा बिंदू हाती लागला नसता.

यावर पहिला आक्षेप असा येतो की वादसभा हा तमाशा असतो, तिथे हजरजबाबी माणूस जिंकतो, सत्य नव्हे. आक्षेपात तथ्य आहे. अमेरिकेत २८ मार्च २००६ रोजी होली क्रॉस कॉलेजात ख्रिस्ती तत्त्वज्ञ विल्यम लेन क्रेग आणि नव्या कराराचे अभ्यासक बार्ट एरमन यांच्यात येशूच्या पुनरुत्थानाच्या ऐतिहासिक पुराव्यावर वाद झाला. क्रेग यांनी दफन, रिकामी कबर, दर्शने आणि शिष्यांचा विश्वास अशी चार तथ्ये मांडली. एरमन म्हणाले की शुभवर्तमाने कित्येक दशकांनंतरची आणि परस्परविसंगत आहेत, आणि चमत्कार म्हणजे मुळातच सर्वांत कमी संभाव्य घटना, मग तीच घडली असे इतिहासकार कसा म्हणेल? क्रेग यांनी उत्तरादाखल संभाव्यतेचे गणित पुढे केले. ते गणित कानांनी पेलत नाही, टाळ्या मात्र पडू शकतात. म्हणूनच या वादाची लिखित प्रत मिळते तिचा उपयोग करावा: एकदा ऐकावे, मग वाचावे. पण तमाशाच्या भीतीने प्रतिपक्षच काढून टाकला तर उपाय रोगापेक्षा वाईट ठरेल. वादाने खोटी ऐट उतरते, तशी खरी दुरुस्तीही होते. रसेल-कोपलस्टन चर्चेनंतर पाचच दिवसांनी, २ फेब्रुवारी १९४८ ला, ऑक्सफर्डच्या सोक्रॅटिक क्लबमध्ये तत्त्वज्ञ एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम यांनी लुईस यांच्या चमत्कारांवरच्या पुस्तकातला एक मुख्य युक्तिवाद फोडून दाखवला. त्या स्वतः कॅथलिक होत्या, म्हणजे टीका घरातूनच आली होती. लुईस यांनी ते प्रकरण नव्याने लिहिले आणि १९६० च्या आवृत्तीत घातले.

आवाजाचा दुसरा धोका जास्त खोल आहे. वाचताना आपण थांबतो, मागे जातो. ऐकताना वक्त्याशी ओळख झाल्यासारखी वाटते आणि त्याच्या युक्तिवादावर ठेवायचा तो विश्वास आपण त्या माणसावर ठेवतो. चेन्नईत जन्मलेले ख्रिस्ती वक्ते रवी झकरायस रेडिओवरून जगभर पोहोचले, भारतातही त्यांना मोठा श्रोतृवर्ग होता. मे २०२० मध्ये ते वारले. त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि लैंगिक गैरवर्तनाचे गंभीर आरोप खरे ठरले. पीडित स्त्रियांवरचा अन्याय ही त्यातली पहिली गोष्ट, तिच्यापुढे बाकी सारे दुय्यम. पण ज्यांनी आपली श्रद्धा त्या आवाजावर उभी केली होती त्यांची अवस्थाही समजून घेण्यासारखी आहे. ज्या कार्यक्रमात दोन आवाज असतात तिथे ही गुंतवणूक आपोआप सैल राहते, कारण ऐकणाऱ्याला सतत तोलावे लागते. लंडनच्या प्रीमियर ख्रिश्चन रेडिओवर जस्टिन ब्रायर्ली यांनी २००५ मध्ये सुरू केलेला ‘अनबिलीव्हेबल?’ हा कार्यक्रम त्यासाठी मला आदर्श वाटतो. ख्रिस्ती केंद्राने आपल्याच माइकसमोर नास्तिकांना आणि अन्यधर्मीयांना वर्षानुवर्षे बसवले आणि त्यांचे बोलणे पुरे होऊ दिले.

श्रद्धा तर्काने येत नाही, मग हा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. श्रद्धा तर्काने येत नसेल, पण अनुत्तरित प्रश्नाने ती जाते हे मात्र खरे. आणि कोवळ्या वयाच्या श्रद्धावंताला आक्षेप ऐकवू नयेत, असे म्हणणाऱ्या पालकांना एवढेच सांगावेसे वाटते की तो आक्षेप त्याच मोबाइलवर दोन बोटांच्या अंतरावर आहे. चांगल्या सोबतीत ऐकलेला बरा.

मराठी श्रोत्यापुढे मात्र आणखी एक पेच आहे. वर सांगितलेले जवळजवळ सगळे पाश्चात्त्य निरीश्वरवादाशी झालेले बोलणे आहे. इथला प्रश्नकर्ता बहुधा देव मानणाराच असतो. अवतार एकदाच का? ज्याचे कर्म त्याला भोगावे लागते, मग एकाच्या पापाचे प्रायश्चित्त दुसऱ्याने कसे घ्यावे? या प्रश्नांचा इथला इतिहास मोठा आहे. १८५७ च्या सुरुवातीला मुंबईच्या समुद्रकिनारी हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात लोकांसमोर वाद झाले, आणि त्यांचा वृत्तांत जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्यानेच छापला. नीळकंठशास्त्री गोरे मिशनऱ्यांचे खंडन करायला पुढे सरसावले होते, १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून सहाही दर्शनांशी वाद घातला. ही सामग्री आवाजात आणायला हवी, आणि विष्णुबावांची बाजू त्यांच्या विचारांचा अभिमान असणाऱ्या माणसाने वाचायला हवी. मराठीत बायबल ऐकायला मिळते, भक्तिगीते आणि प्रवचने मिळतात. त्यांच्या शेजारी अशी दोन आवाजांची माला उभी राहिली तर तिचा पहिला भाग देवाच्या अस्तित्वावर नसावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरित ख्रिस्ती समाजाच्या स्थितीवर लिहिलेल्या निबंधांवर तो असावा. धर्म बदलला तरी जात का राहिली, अन्यायाविरुद्ध हा समाज संघटित का झाला नाही, हा त्यांचा आक्षेप महाराष्ट्रातल्या चर्चला सर्वांत जवळून लागतो. तो एखाद्या आंबेडकरवादी अभ्यासकाच्या आवाजात, मध्ये कुणी न बोलता, अर्धा तास ऐकवला जावा, आणि उत्तर द्यायला बसणाऱ्याने आपल्या चर्चच्या दफनभूमीत आणि लग्नसंबंधांत जात आजही कुठे दिसते हे आधी सांगावे.