आवाज बंद असलेला वर्ग

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भाषेचेही तसेच आहे. पण ऑनलाइन वर्गातल्या विद्यार्थ्याला पाण्यात उतरवायचे कसे? हा प्रश्न मला स्वतःला पडला, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम वर्षाला असताना मी इंग्रजी संभाषणाच्या एका ऑनलाइन वर्गात नाव घातले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. सोयाबीनच्या पैशांतून वडिलांनी फी भरली. वर्गात आम्ही सत्तर जण होतो. सर तळमळीने शिकवत. पण आमचे सर्वांचे माइक बंद! तीन महिन्यांत मी दोनदा बोलले, तेही ‘येस सर’ एवढेच. शब्द वाढले, व्याकरण समजले, जीभ मात्र होती तिथेच राहिली.

असे का व्हावे? कॅनडातील अभ्यासिका मेरिल स्वेन यांनी १९८५ साली याचा विचार मांडला. तेथील इंग्रजी भाषक मुले शाळेतले विषय वर्षानुवर्षे फ्रेंचमधून शिकत. त्यांना ऐकलेले फ्रेंच चांगले समजे. परंतु बोलण्यात उणिवा राहत. नुसते ऐकून भागत नाही. आपले म्हणणे दुसऱ्याला नीट कळावे म्हणून स्वतः शब्द जुळवावे लागतात, तेव्हा भाषा अंगी येते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

ऑनलाइन वर्गात आणखी एक अडचण असते. समोरासमोरच्या गप्पांत एकाचे संपते न संपते तोच दुसरा सुरू करतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दहा भाषांच्या अभ्यासात हे अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास आढळले. पडद्यावर मात्र आवाज मागाहून पोहोचतो. दोघे एकदम बोलतात आणि मग दोघेही गप्प होतात. बुजऱ्याला तेवढे निमित्त पुरते!

यावर उपाय आहे, आणि तो साध्या हिशेबातला आहे. सत्तर जणांना तासभर पाळीपाळीने बोलायला दिले, तर प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही. त्याच वर्गाच्या दोघादोघांच्या जोड्या करून वेगळ्या खोल्यांत पाठवले, तर प्रत्येकाला अर्धा तास मिळतो. मात्र बोलण्याला कारण हवे. एकाजवळ एसटीचे वेळापत्रक आणि दुसऱ्याजवळ प्रवासाचा बेत दिला, की विचारल्यावाचून गत्यंतर नसते. चुका मध्येच न तोडता टिपून ठेवाव्यात आणि शेवटी सांगाव्यात. रेंज नसेल त्याने आपले बोलणे ध्वनिमुद्रित करून पाठवावे. आपलाच आवाज ऐकला की निम्म्या चुका आपल्यालाच सापडतात.

पुढे एका बाईंच्या लहान वर्गात मी ‘चार-तीन-दोन’ ही रीत शिकले. पॉल नेशन यांनी १९८९ साली तिच्याविषयी लिहिले आहे. एकच हकिकत तीन निरनिराळ्या श्रोत्यांना सांगायची. आधी चार मिनिटांत, मग तीन आणि शेवटी दोन. मजकूर तोच असल्याने ‘काय सांगू’ ही धास्ती जाते आणि जीभ मोकळी होते.

मी मळणीची हकिकत निवडली. घरात रेंज नाही, म्हणून गोठ्याजवळ उभी राहून बोलत होते. शेजारच्या काकू डोकावल्या. मुलगी फोनवर इतका वेळ कुणाशी बोलते, हा प्रश्न आमच्याकडे लहान नसतो. आईने विचारलेच, “कुणाशी बोलतीस गं?” मी फोन स्पीकरवर टाकला. आई शेणाची पाटी बाजूला ठेवून तिथेच बसली. आईला इंग्रजीचे अक्षर ठाऊक नाही. तास संपल्यावर ती म्हणाली, “पहिल्या खेपेला लई अडखळलीस. तिसऱ्या खेपेला नाही.”

परीक्षकाने याहून वेगळे काय सांगितले असते?

आमच्यासारख्यांच्या घरी इंग्रजी बोलायला दुसरे माणूस नसते. वर्ग हीच आमची एकमेव जागा. म्हणून प्राध्यापकांना नम्र विनंती की, ऑनलाइन तास घेताना आमचा माइक थोडा वेळ तरी उघडावा. आणि मित्रहो, तो उघडला की आपणही गप्प बसू नये!