चित्र मध्येच का थांबते?

सायंकाळी घरातील मंडळी दिवाणखान्यात जमावीत, चित्रपट रंगात यावा, आणि नेमक्या त्याच क्षणी पडद्यावरचे चित्र थिजून मधोमध एक लहानसे वर्तुळ गरगर फिरू लागावे, हा अनुभव आज कोणत्या घराला नाही? घरात तरुण मंडळी असतील तर कोणी उठून काही बटणे दाबतो आणि गाडी पुन्हा चालू लागते. पण ज्या घरी केवळ वृद्ध आईवडील राहतात, मुले दूरच्या शहरी किंवा परदेशी आहेत, त्या घरची गोष्ट निराळी. "आपल्याच हातून काहीतरी भलतेच दाबले गेले असावे," असे समजून ती बिचारी संच बंद करतात, आणि मुलांना उगाच त्रास नको म्हणून सांगतही नाहीत. संध्याकाळचे कीर्तन, नाटक किंवा बातम्या अशा रीतीने कित्येक दिवस बंद पडतात. दुसरीकडे काही घरी लगेच दुकानाची वाट धरली जाते. नवा संच येतो, इंटरनेटची अधिक महागडी योजना घेतली जाते, आणि आठ दिवसांनी पाहावे तो ते वर्तुळ पुन्हा हजर!

वाचकहो, पैसा खर्च करण्यापूर्वी किंवा स्वतःला दोष देण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या पडद्यापर्यंत येणारे चित्र तीन टप्प्यांचा प्रवास करून येते. पहिला टप्पा रस्त्यावरील तारेतून आपल्या घरातील राउटरपर्यंत, दुसरा राउटरपासून टीव्हीपर्यंत हवेतून, आणि तिसरा टीव्हीच्या पोटात. दोष यांपैकी कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरविल्याखेरीज केलेला उपाय म्हणजे अंधारात मारलेला दगड होय. प्रस्तुत लेखकाच्या मते बहुसंख्य घरी तो मधल्या, म्हणजे हवेतल्या टप्प्यावर असतो. आणि नेमक्या त्याच टप्प्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण तेथे डोळ्यांना दिसण्याजोगे काहीच नसते.

दोषाचे ठिकाण ओळखण्याची युक्ती सोपी आहे. चित्र अडकले की आपला मोबाइल फोन घेऊन टीव्हीच्या अगदी जवळ उभे राहावे. फोन घरच्या वायफायला जोडलेला असावा. मात्र त्यातील मोबाइल डेटा आधी बंद करावा. हे विसरल्यास वायफाय लंगडे पडताच फोन गुपचूप मोबाइलच्या जाळ्यावर जातो आणि सारे ठीक असल्याची खोटी साक्ष देतो. आता फोनवर एखादी चित्रफीत लावून पाहावी. तीही अडखळली, तर तसेच चालत राउटरपाशी जावे. तेथे ती सुरळीत चालली तर दोष हवेतल्या वाटेचा. तेथेही अडखळली तर बाहेरच्या तारेचा किंवा खुद्द राउटरचा. उलट टीव्हीपाशी फोन उत्तम चालतो आणि टीव्ही तेवढा रुसून बसतो, असे आढळले तर मग टीव्हीकडे वळावे. खात्री करून घ्यायची असल्यास फोनचा हॉटस्पॉट सुरू करून टीव्ही दहा मिनिटे त्यावर चालवून पाहावा. तो नीट चालला तर संच बहुधा निर्दोष आहे असे समजावे. ही परीक्षा दहा मिनिटांतच आटोपावी हे बरे. कारण एचडी चित्र तासाला सुमारे तीन गिगाबाइटपर्यंत डेटा गिळते.

बाहेरच्या तारेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. फायबरच्या जोडणीत राउटरवर किंवा त्याच्या शेजारच्या डबीवर 'लॉस' म्हणून ओळखला जाणारा लाल दिवा लागला असेल, तर प्रकाशाचा संकेत घरापर्यंत पोहोचतच नाही. तेथे आपला काही इलाज चालत नाही, सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवावी. वेगाचे म्हणाल तर जाहिरातींतील मोठमोठ्या आकड्यांना भुलू नये. एका एचडी चित्राला दर सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट पुरतात, आणि अत्यंत स्पष्ट अशा फोर-के चित्राला १५ ते २५. ज्यांच्या घरी १०० मेगाबिटची जोडणी आहे आणि तरीही एकच चित्र अडते, त्यांनी ३०० ची योजना घेऊन काय साधणार? नळाला पाणी मुबलक आहे; हंड्यापर्यंत येणारी नळीच मध्ये चेपली आहे.

आता त्या मधल्या वाटेचा विचार करू. वायफाय म्हणजे रेडिओच्याच लहरी. सन १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी अशा अदृश्य लहरी भिंतींच्या पलीकडे पाठवून तेथील घंटा वाजवून दाखविली होती. भिंत लहरींना अडवीत नाही, हे त्या वेळी लोकांना मोठे नवल वाटले. परंतु भिंत लहरींना अडवीत नसली तरी त्यांच्याकडून जकात घेतल्याशिवाय राहात नाही. साध्या विटांची भिंत थोडी घेते, सळया घातलेले काँक्रीट पुष्कळ घेते, आणि जुन्या वाड्यांच्या दोनदोन फूट जाडीच्या भिंती तर जवळजवळ सारे भांडवलच काढून घेतात. लोखंडी कपाट, पाऱ्यासारखा लेप असलेला मोठा आरसा आणि पाण्याने भरलेली माशांची पेटी, ही मंडळी तर भिंतीहून कडक. असे असता आपल्याकडे राउटर ठेवतात कोठे? तार ओढणाऱ्या माणसाला सोईचे पडले म्हणून दाराच्या मागे. दिसायला बरे नाही म्हणून बंद फडताळात. किंवा टीव्हीच्याच मागे, भिंत आणि संच यांच्यामधल्या फटीत. शेवटची जागा पुष्कळांना सर्वोत्तम वाटते. पण संचाच्या आतील धातूचा पत्रा तेथे ढालीसारखा आड येतो.

राउटर घराच्या शक्य तितक्या मध्यभागी, उघड्यावर, माणसाच्या छातीएवढ्या किंवा त्याहून थोड्या उंचीवर असावा. त्यासाठी आतली तार दहापंधरा फूट वाढवावी लागली तरी तो खर्च नव्या संचापुढे काहीच नाही. त्याला काड्यांसारखे ॲंटेना असतील तर हेही लक्षात ठेवावे की, लहरी काडीच्या टोकाकडून नव्हे, तर तिच्या चहूबाजूंनी आडव्या पसरतात. म्हणून टीव्ही त्याच मजल्यावर असेल तर काड्या उभ्या ठेवाव्यात. वरच्या मजल्यावर असेल तर एखादी आडवी करावी.

बहुतेक राउटर दोन निरनिराळ्या पट्ट्यांवर बोलतात. एक २.४ गिगाहर्ट्झचा आणि दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पहिल्याची लहर सुमारे साडेबारा सेंटीमीटर लांबीची. ती दूरवर जाते, भिंतींतून बरी निभावते, पण तिच्या वाटेवर गर्दी फार. दुसऱ्याची लहर त्याच्या निम्म्याहून लहान. वेग अधिक, गर्दी कमी, परंतु दोन भिंती ओलांडताना ती दमून जाते. एके काळी आपल्या देशात घरी नुसता रेडिओ ठेवायचा तरी परवाना काढावा लागे. हे दोन पट्टे मात्र घरगुती वापरासाठी परवान्यातून मोकळे आहेत, २.४ चा सन २००५ मध्ये झाला आणि ५ चा मोठा भाग सन २०१८ मध्ये. ही मोकळीक सोईची खरी, पण मोकळ्या मैदानात जो तो आपला खेळ मांडतो. २.४ च्या पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, बिनतारी कळफलक, ब्लूटूथचे कर्णे असे सारे एकदम बोलतात. आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही नेमकी २.४५ गिगाहर्ट्झवरच चालते. रात्री जेवण गरम करण्याच्या वेळी टीव्ही अडतो अशी ज्यांची तक्रार असेल, त्यांनी ही गाठ पडताळून पाहावी. टीव्हीला मागे लावलेली ३.० जातीची यूएसबी हार्ड डिस्कसुद्धा याच पट्ट्यात गोंगाट करते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ती काढून ठेवताच वायफाय सुधारले तर आश्चर्य मानू नये.

मोठ्या वसाहतीत किंवा चाळीत राहणाऱ्यांना आणखी एक कोडे पडते. पडद्यावर वायफायचे चिन्ह पूर्ण भरलेले दिसते, आणि तरी चित्र थांबते! याचे कारण असे की, ते चिन्ह केवळ आवाज किती मोठा येतो ते सांगते. त्या खोलीत आणखी किती जण एकाच वेळी बोलत आहेत ते सांगत नाही. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा जवळजवळ तीनच, क्रमांक १, ६ आणि ११. राउटरच्या सेटिंगमध्ये या तिघांपैकी कमी गर्दीची वाट निवडावी आणि तिची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ४० केल्यास वेग वाढण्याऐवजी शेजाऱ्यांशी भांडण मात्र वाढते. गर्दीची वाट कोणती, ते दाखविणारी साधने फोनवर मिळतात. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असेल तर ती वेगळी करून टीव्हीला एकाच पट्ट्याशी बांधून टाकावे, हे आमचे आग्रहाचे सांगणे. फोन घरभर फिरतो, त्याला दोन्ही पट्टे हवेत. टीव्ही भिंतीवर एका जागी टांगलेला. तो राउटरच्या खोलीत किंवा एका भिंतीपलीकडे असेल तर ५ चा पट्टा द्यावा, त्याहून दूर असेल तर २.४ चा. काही जुन्या संचांना ५ चा पट्टा मुळी ऐकूच येत नाही; त्यांच्या यादीत ते नाव न दिसल्यास संच बिघडला असे समजू नये.

मात्र या साऱ्या खटाटोपाला एक पर्याय आहे, आणि तो इतका साधा आहे की विक्रेते त्याचे नावही काढीत नाहीत. राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ लॅनची तार टाकावी. कित्येक संचांचे तारेचे तोंड केवळ १०० मेगाबिटचे असते. पण वर सांगितल्याप्रमाणे चित्राला पंचवीसच्या वर फारसे लागत नाही, आणि तारेतल्या वाटेवर शेजारी नाही, भट्टी नाही, भिंतीची जकात नाही. तार शक्य नसेल तर संकेत पुढे पोहोचविणारा रिपीटर घेता येतो; पण तो टीव्हीच्या शेजारी ठेवणे व्यर्थ. ज्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? तो मध्यावर, जेथे राउटरचा संकेत अद्याप चांगला आहे, तेथे ठेवावा.

आता टीव्हीच्या पोटातला तिसरा टप्पा. रिमोटने बंद केलेला संच वास्तविक बंद झालेला नसतो, तो डुलकी घेत असतो. म्हणून भिंतीवरील बटण बंद करून एक मिनिट थांबावे व मग सुरू करावे. वीज जाऊन आल्यावर टीव्ही राउटरच्या आधी जागा होतो आणि जाळे सापडत नाही म्हणून कुरकुरतो. अशा वेळी तीन मिनिटे वाट पाहून पुन्हा जोडून पाहावे. वरचेवर वीज जाणाऱ्या गावी राउटरपुरता लहानसा यूपीएस घेणे हा शहाणपणाचा खर्च आहे. एवढ्याने न भागल्यास संचाला घरचे जाळे 'विसरावयास' लावून पासवर्ड नव्याने द्यावा.

"वायफाय जोडले आहे, पण काहीच उघडत नाही" अशी स्थिती असेल तर प्रथम संचातील दिनांक व वेळ पाहावी. हे ऐकून हसू येईल, पण कारण खरे आहे. सुरक्षित जोडणी करताना समोरचा आपले प्रमाणपत्र दाखवितो आणि संच त्याची मुदत आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ काही वर्षे मागे गेले असेल तर प्रत्येक प्रमाणपत्र त्याला खोटे वाटते. याच्या उलटही घडते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी जगभर वापरात असलेले एक मूळ प्रमाणपत्र मुदतबाह्य झाले आणि ज्या जुन्या उपकरणांना नव्याची ओळख नव्हती, त्यांना अनेक संकेतस्थळे उघडता येईनाशी झाली. म्हणून संचाचे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे. जुन्या संचावर एकच ॲप बंद पडले आणि बाकीची चालतात, असे असेल तर त्या कंपनीने तो संच सोडून दिला असण्याचा संभव असतो. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१९ पासून काही जुन्या संचांच्या बाबतीत तसे केले होते. तेवढ्यासाठी अख्खा टीव्ही टाकण्याचे कारण नाही. एचडीएमआयच्या तोंडात बसणारी छोटी स्टिक घेतली की जुना पडदा पुन्हा कामाला लागतो. सर्व काही पुसून संच कोरा करणे हा अगदी शेवटचा उपाय. तो करण्यापूर्वी सर्व ॲपांचे पासवर्ड वहीत उतरवून ठेवावेत.

एका धोक्याविषयी मात्र कळकळीने लिहावेसे वाटते. टीव्ही बंद पडला की पुष्कळ जण इंटरनेटवर 'मदत क्रमांक' शोधतात, आणि तेथे भामट्यांनी पेरलेले क्रमांक त्यांच्या हाती लागतात. पलीकडचा माणूस गोड बोलून फोनवर एखादे ॲप घ्यायला लावतो, आपल्या फोनचा पडदा स्वतःला दिसेल अशी तजवीज करतो, 'नोंदणीसाठी' दहा रुपये भरायला सांगतो, आणि पाहता पाहता बँकेतील शिल्लक नाहीशी होते. वायफाय दुरुस्त करण्यासाठी कोणालाही आपला ओटीपी, बँकेचा पिन किंवा फोनचा पडदा लागत नाही. कंपनीचा क्रमांक बिलावरून, हमीपत्रावरून किंवा संचाच्या पाठीवरील चिठ्ठीवरूनच घ्यावा. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवाल तितका पैसा अडविता येण्याचा संभव अधिक.

घरी वृद्ध आईवडील असतील तर पुढच्या भेटीत एवढे करावे. एका जाड पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत घरच्या वायफायचे नाव व पासवर्ड, 'आधी राउटर बंद-चालू, तीन मिनिटे थांबणे, मग टीव्ही' हा क्रम, कंपनीचा खरा क्रमांक आणि सर्वांत खाली १९३० असे लिहून तो टीव्हीशेजारी, चष्मा न लावताही दिसेल असा टांगावा.