प्रेषक-डोमेननिहाय ई-मेल मार्गनिर्धारण

प्रेषक-डोमेननिहाय ई-मेल मार्गनिर्धारण ही मेल सर्व्हरवरील एक व्यवस्था आहे. बाहेर जाणारा ई-मेल कोणत्या सर्व्हरमार्फत पाठवायचा, हे तीत पाठवणाऱ्याच्या पत्त्यातील डोमेनवरून ठरते. एकाच सर्व्हरवर अनेक संस्थांची डोमेने सांभाळली जात असल्यास ती उपयुक्त ठरते.

पार्श्वभूमी

ई-मेल पोहोचवणाऱ्या एसएमटीपी या प्रोटोकॉलचा मसुदा जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. रूढ पद्धतीत ई-मेलचा मार्ग प्राप्तकर्त्याच्या डोमेनवरून ठरतो. सर्व्हर त्या डोमेनची डीएनएसमधील एमएक्स नोंद शोधून तेथे दिलेल्या सर्व्हरशी संपर्क साधतो. प्रेषक कोण आहे, याचा विचार त्यात होत नाही.

बनावट प्रेषकांना आळा घालण्यासाठी आलेल्या एसपीएफ पद्धतीमुळे प्रेषकाच्या डोमेनला महत्त्व आले. आपल्या नावाने कोणते सर्व्हर ई-मेल पाठवू शकतात, हे डोमेनधारक एसपीएफ नोंदीत जाहीर करतो. अन्य सर्व्हरकडून आलेला ई-मेल नाकारला जाण्याची किंवा स्पॅममध्ये जाण्याची शक्यता असते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक ई-मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या तिन्ही पद्धती अनिवार्य आहेत.

समजा, एका शिक्षणसंस्थेचे महाविद्यालय आणि तिची सहकारी पतसंस्था एकच मेल सर्व्हर वापरतात, परंतु त्यांच्या एसपीएफ नोंदींत वेगवेगळे रिले सर्व्हर आहेत. सर्व ई-मेल पतसंस्थेच्या रिलेमार्फत गेल्यास महाविद्यालयाची परीक्षेची सूचना विद्यार्थ्यांपर्यंत न पोहोचण्याचा धोका असतो.

कार्यपद्धती

वित्से वेनेमा यांनी विकसित केलेल्या पोस्टफिक्स या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आवृत्ती २.३ पासून आहे. प्रशासक एका तक्त्यात प्रत्येक प्रेषक-डोमेनसमोर त्याचा रिले सर्व्हर नोंदवतो. पोस्टफिक्स प्रथम प्रेषकाचा पूर्ण पत्ता आणि नंतर केवळ डोमेन शोधते. दोन्ही न सापडल्यास ई-मेल नेहमीच्या मार्गाने जातो. प्रत्येक प्रेषकासाठी रिलेचे स्वतंत्र वापरकर्तानाव व पासवर्डही देता येतात. एक्झिम या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम राउटरच्या नियमांत प्रेषकाची अट घालून साधता येते.

मर्यादा

हा शोध ई-मेलच्या ‘पाकिटा’वरील, म्हणजे एसएमटीपी संवादात कळवलेल्या, प्रेषकावर चालतो. वाचकाला दिसणारा ‘प्रेषक’ त्याहून वेगळा असू शकतो. न पोहोचलेल्या ई-मेलच्या परतसूचनेत पाकिटावरील प्रेषक रिकामा असतो. त्यामुळे तिला डोमेनचा नियम लागू होत नाही.

पाकिटावरील पत्ता पाठवणारा स्वतःच कळवतो. म्हणून लॉगिन केलेल्या वापरकर्त्याला केवळ स्वतःच्या पत्त्यावरूनच ई-मेल पाठवता येईल, असे बंधन आवश्यक असते. अन्यथा एका संस्थेचा वापरकर्ता दुसरीच्या नावाने, तिच्याच अधिकृत सर्व्हरमार्फत ई-मेल पाठवू शकतो आणि तो एसपीएफ तपासणीतही उत्तीर्ण होतो.

देवनागरी पत्ते

मराठीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी ‘.भारत’ हे डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाले. संपूर्ण पत्ता देवनागरीत असल्यास मार्गातील प्रत्येक सर्व्हरला एसएमटीपीयूटीएफ८ या विस्ताराचा आधार असावा लागतो. पोस्टफिक्समध्ये तो २०१५ मधील आवृत्ती ३.० पासून आहे. हा आधार नसलेल्या रिलेकडे असा ई-मेल पाठवल्यास तो परत येतो. अशा डोमेनसाठी योग्य रिले निवडण्यासही ही व्यवस्था उपयोगी पडते.