जुन्या इंजिनाला तेल कोणते?

मुंबईतील अखेरची नोंदणीकृत प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण करून सेवेतून बाहेर पडली. खासगी मालकांकडे जपलेल्या पद्मिनी मात्र अजूनही धावतात. मारुती ८००चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, तरी पंधरा वर्षांनंतर पुनर्नोंदणी करून ती वापरणारी कुटुंबे थोडी नाहीत. या मंडळींना गॅरेजात एक सल्ला हमखास मिळतो : 'इंजिन जुने झाले, आता दाट तेल घाला.' दुकानदार त्यापुढे जाऊन झीज भरून काढणारी, आवाज थांबवणारी एखादी महागडी बाटलीही पुढे करतो. रिंग-पिस्टन बदलण्याचा किंवा 'हाफ इंजिन' करण्याचा खर्च अनेकदा गाडीच्या विक्रीमूल्याच्या आसपास जातो. साहजिकच मालकाला बाटलीचा मोह पडतो. तेलाने नेमके काय साधते आणि काय साधत नाही, हे त्यासाठीच समजून घ्यायला हवे.

इंजिनातील सर्व भाग सारख्याच रीतीने झिजत नाहीत. क्रँकशाफ्ट आपल्या बेअरिंगमध्ये वेगाने फिरू लागला की त्याच्याभोवती तेलाचा दाबयुक्त पातळ थर तयार होतो आणि शाफ्ट त्यावर अक्षरशः तरंगतो. धातूचा धातूला स्पर्श होत नाही. कॅम आणि टॅपेट यांचे नशीब वेगळे. कॅमचे टोक टॅपेटवर जोराने दाबले जाऊन घासते, तेव्हा तेथे तेलाचा पुरेसा थर टिकत नाही. पिस्टनच्या रिंगाही सिलिंडरच्या वरच्या टोकाला क्षणभर थांबून दिशा बदलतात; तेथेही हीच गत. अशा ठिकाणी तेलाचा दाटपणा फारसा कामी येत नाही, तेलात मिसळलेली रसायने कामी येतात.

यांतील सर्वांत महत्त्वाचे रसायन म्हणजे झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट. गॅरेजच्या भाषेत नुसते 'झिंक'. उष्णता आणि घर्षण यांच्यामुळे ते विघटित होते आणि धातूच्या पृष्ठभागावर फॉस्फेटचा अतिसूक्ष्म, काचेसारखा थर तयार करते. घासला जातो तो हा थर. धातू वाचतो आणि थर पुन्हा तयार होत राहतो. १९४०च्या दशकापासून वापरात असलेल्या या द्रव्याला पुरता पर्याय आजही सापडलेला नाही.

अडचण अशी की यातील फॉस्फरस धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधक ठरतो. त्यामुळे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने, म्हणजे डब्यावर दिसणाऱ्या 'एपीआय'ने, त्याच्या प्रमाणाला टप्प्याटप्प्याने आळा घातला. २००४च्या 'एसएम' वर्गापासून ५डब्ल्यू-३०सारख्या पातळ तेलांत फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्के आहे. २०डब्ल्यू-५०सारख्या दाट तेलांना ही मर्यादा लागू नाही, ही बाब सहसा कोणी सांगत नाही.

येथेच 'जुनी गाडी' हा एकच प्रकार नसल्याचे ध्यानात येते. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन पुशरॉडचे, सपाट टॅपेटचे. एप्रिल १९९५ पूर्वीच्या पद्मिनीत कन्व्हर्टरचा प्रश्नच नाही. तिला झिंकचे बऱ्यापैकी प्रमाण असलेले २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० दर्जाचे खनिज तेल मानवते. याउलट मुंबईसह चार महानगरांत एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचे झाले. त्यानंतरच्या मारुतीत वरून झिंकची बाटली ओतणे म्हणजे कन्व्हर्टरचे आयुष्य कमी करणे होय. शिवाय झिंक वाढवत नेले म्हणून संरक्षणही वाढत जाते असे नाही. अतिरेक झाल्यास ते धातूलाच अपाय करू शकते.

आता दाटपणाविषयी. डब्यावरील '२०डब्ल्यू-४०'मधील डब्ल्यू हा इंग्रजीतील हिवाळ्याचा आद्याक्षर. त्यामागचा आकडा थंडीतील प्रवाहीपणा दाखवतो, तर नंतरचा ४० किंवा ५० हा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहते ते सांगतो. २०डब्ल्यूची थंडीतील चाचणी उणे १५ अंशांना होते आणि ५डब्ल्यूची उणे ३० अंशांना. महाराष्ट्रातील वाहनधारकाला त्या टोकाशी कर्तव्य नाही. झिजलेल्या बेअरिंगमधील फट वाढली असेल, इंजिन तापल्यावर ऑइलच्या दाबाचा दिवा लुकलुकत असेल, तर ४०वरून ५०वर जाणे समंजसपणाचे आहे. पण एक पायरी पुरे. तेल अवाजवी दाट झाले तर सकाळी गाडी सुरू केल्यावर ते वरच्या कॅमपर्यंत उशिरा पोहोचते, इंजिनावर ओढ पडते आणि इंधन अधिक जळते. मधासारख्या घट्ट द्रवाच्या ज्या बाटल्या विकल्या जातात, त्या मुख्यतः दाटपणा वाढवतात. आवाज काही दिवस दबतो, झीज मात्र जेथल्या तेथे राहते. गाडी विकायला काढणाऱ्यांना या बाटल्या प्रिय असतात, यात नवल नाही.

बाटल्यांच्या जाहिरातींचा इतिहासही बोलका आहे. टेफ्लॉनच्या जातीचे द्रव्य असलेल्या 'स्लिक ५०'ने अमेरिकेत मोठी बाजारपेठ मिळवली होती. गाडी सुरू करतानाच्या क्षणी साध्या तेलाने इंजिनाचे पुरेसे रक्षण होत नाही, असा तिच्या जाहिरातींचा सूर होता. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ मध्ये या दाव्यांना आक्षेप घेतला आणि १९९७ मध्ये तडजोड होऊन कंपनीला असे दावे थांबवावे लागले. मार्गदर्शक पुस्तिकेत सांगितलेले तेल घातले तर बहुतेक इंजिनांना सुरू होतानाही पुरेसे संरक्षण मिळते, असे आयोगाचे म्हणणे होते.

काही द्रव्यांना मर्यादित उपयोग आहे, हेही खरे. वयोमानाने कडक झालेल्या रबरी सीलना मऊ करून किंचित फुगवणारी द्रव्ये अधिक धावलेल्या गाड्यांसाठीच्या खास तेलांत असतात. बारीक गळती त्यांनी कमी होऊ शकते. फाटलेले सील त्यांनी सांधत नाही.

सर्वाधिक सावधगिरी हवी ती 'फ्लशिंग'बाबत. सिग्नलगणिक थांबत दोन-तीन किलोमीटर जाणाऱ्या शहरी गाडीचे तेल पुरते तापत नाही. त्यात पाणी आणि न जळलेले पेट्रोल साठते, काळा चिखल बसतो. वर्षानुवर्षे दुर्लक्षित इंजिनात एकदम रॉकेल किंवा तीव्र फ्लश घातला की हा चिखल सुटून चेंबरमधील जाळीत अडकतो आणि तेलाचा पुरवठाच तुटतो. त्यापेक्षा चांगले तेल घालून पहिले एक-दोन बदल निम्म्या अंतरावर, प्रत्येक वेळी नव्या फिल्टरसह करावेत. सफाई सावकाश होते. तेल काळे पडणे हा त्याचा दोष नव्हे, घाण धरून ठेवण्याचे काम ते करीत असल्याची ती खूण आहे. कमी धावणाऱ्या गाडीतही वर्षातून एकदा तेल बदलावेच.

डब्यावरील वर्गही पाहावा. 'एसएफ' हा वर्ग १९८८ पर्यंतच्या इंजिनांसाठी होता आणि एपीआयने तो कधीच कालबाह्य ठरवला आहे. केवळ स्वस्त म्हणून तो घेण्यात अर्थ नाही. मोटारसायकलस्वारांनी मोटारीचे तेल टाळावे. त्यांचा क्लच बहुधा त्याच तेलात बुडालेला असतो आणि घर्षण घटवणाऱ्या द्रव्यांनी तो घसरू लागतो. त्यांच्यासाठी 'जासो एमए' ही खूण पाहावी.

झीज किती झाली आहे, हे बव्हंशी धूरच सांगतो. रात्रभर उभी गाडी सुरू करताना क्षणभर निळा धूर आला तर संशय व्हॉल्व्ह सीलवर जातो. ती दुरुस्ती तुलनेने स्वस्त. खंडाळ्याचा घाट चढताना निळा धूर सातत्याने येत असेल तर रिंगा झिजल्या असाव्यात. दर पंधरवड्याला, सपाट जागी, इंजिन थंड असताना डिपस्टिक पाहून किती तेल वर घालावे लागले ते किलोमीटरसह वहीत टिपावे. आकडा वाढत चालला की पुढची बाटली घेण्याआधी गॅरेजात कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. तपासणीला वेळ थोडाच लागतो आणि सिलिंडरनिहाय दाब हाती येतो.