रंगावर जाऊ नका

पोकळ देहाची, फुगीर पाटाची, व्हायोलिनसारखी दोन एफ-छिद्रं असलेली जुनी जर्मन इलेक्ट्रिक गिटार विकायला आली की विकणारा आधी तिच्या रंगाचं कौतुक करतो. जाणकार मात्र स्क्रू-ड्रायव्हर मागतो.

अशा आर्चटॉप गिटारींचं मोठं माहेर म्हणजे बव्हेरियात एरलांगेनला लागून असलेलं बुबेनरॉइथ. तेही दत्तक. कार्ल हॉफनरने 1887 मध्ये धंदा मांडला तो बोहेमियातल्या शोनबाखला, म्हणजे आजच्या चेक लुबीला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मनभाषकांना हाकललं गेलं आणि वाद्यकारांची वस्तीच्या वस्ती 1949 पासून बुबेनरॉइथमध्ये येऊन वसली. फ्रेड विल्फरने 1946 मध्ये काढलेली फ्रामुस कंपनीही याच विस्थापितांची. बरंचसं काम घरोघरी वाटलेलं असे आणि सुटे भाग पुरवणारे तेच ते. त्यामुळे एकसारखा टेलपीस वेगवेगळ्या नावांच्या गिटारींवर दिसतो. नावाची पट्टी गळून पडली की ओळख पटवणं अवघड होतं, ते यामुळेच.

साल काढायला फ्रामुस त्यातल्या त्यात सोपी. शिक्क्यात सालाचे दोन आकडे आणि महिन्याचं अक्षर असतं. ‘64 एल’ म्हणजे डिसेंबर 1964. हॉफनरच्या बाबतीत नुसत्या क्रमांकावर भिस्त ठेवता येत नाही. पिकअपचा घाट, डोक्यावरचं बोधचिन्ह, नॉब असं सगळं जुळवावं लागतं. तरीही एखादा भाग नंतर बदललेला असू शकतो, म्हणून एकट्या पुराव्यावर साल ठरवू नये.

आणि रंग? तो सगळ्यात बेभरवशाचा साक्षीदार. पिकगार्ड आणि पिकअप काढून खाली बघावं: उन्हाने न विटलेला मूळ रंग तिथे सापडतो. कडेच्या सेल्युलॉइड पट्टीवर किंवा एफ-छिद्रांच्या आत नव्या रंगाचे शिंतोडे असतील, तर कुणीतरी हात फिरवलाय. अतिनील दिव्याखाली जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर बहुधा हिरवट-पिवळं चमकतं. नवा थर ठिगळासारखा वेगळा दिसतो. नव्याने रंगवलेल्या गिटारीची किंमत उतरते. पण म्हणून तो थर खरवडायला धावणं हा शुद्ध अडाणीपणा.

पॉल मॅकार्टनीची हॉफनर 500/1 बास हेच सांगते. एफ-छिद्रं नसली तरी ती याच घराण्यातली, फुगीर पाटाची आणि पोकळ. ही डावखुरी बास त्याने 1961 मध्ये हॅम्बुर्गला घेतली. तिचे दोन्ही पिकअप मानेजवळ, एकमेकांना खेटून. 1963 मध्ये घेतलेल्या दुसऱ्या बासवर एक पिकअप घोडीकडे सरकलेला. पहिलीला 1964 मध्ये नवा गडद सनबर्स्ट रंग दिला गेला आणि दोन्ही पिकअपभोवती एकच लाकडी चौकट बसवली. 1972 मध्ये ती लंडनमध्ये चोरीला गेली. ती परत मिळाल्याचं फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झालं आणि हॉफनरने ती अस्सल असल्याचा निर्वाळा दिला. कारखान्यातून 1961 मध्ये बाहेर पडलेल्या इतर बासपासून तिला वेगळं काढणाऱ्या खुणांत ती चौकट होती, आणि तो नंतर चढवलेला रंगही.