चेसापीक आणि ओहायो कालव्याचा टोपाथ

चेसापीक आणि ओहायो कालव्याचा टोपाथ हा अमेरिकेच्या पूर्व भागातील, पोटोमॅक नदीच्या काठाने जाणारा २९६.९ किलोमीटर (१८४.५ मैल) लांबीचा पायमार्ग आहे. तो वॉशिंग्टन शहरातील जॉर्जटाउनपासून मेरीलँड राज्यातील कंबरलँडपर्यंत जातो. कालव्यातील नौका ओढणाऱ्या खेचरांसाठी बांधलेली ही वाट आज धावपटू, पदयात्री आणि सायकलस्वार वापरतात. सलग लांबी, जवळपास सपाट उंची आणि वाहनांपासून मुक्तता यांमुळे हा मार्ग दीर्घ पल्ल्याच्या धावण्यासाठी प्रसिद्ध आहे. कालवा व टोपाथ मिळून चेसापीक आणि ओहायो कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान बनले असून त्याची देखभाल अमेरिकेची राष्ट्रीय उद्यान सेवा करते.

टोपाथ म्हणजे काय

यांत्रिक नौका येण्यापूर्वी कालव्यातील मालवाहू नौका काठावरून चालणारी जनावरे दोराने ओढत असत. त्यांच्यासाठी पाण्याला समांतर राखलेल्या वाटेला टोपाथ म्हणतात. दोर अडकू नये म्हणून या वाटेवर झाडे किंवा कुंपणे ठेवली जात नसत आणि भार ओढणे सोपे जावे म्हणून चढउतार टाळले जात. चेसापीक आणि ओहायो कालव्याचा टोपाथ बहुतांश ठिकाणी कालवा आणि नदी यांच्या मधल्या बांधावर आहे. त्यामुळे वरच्या दिशेने जाणाऱ्याच्या उजव्या हाताला कालवा आणि डाव्या हाताला पोटोमॅक नदी असते.

इतिहास

बांधकाम

कालव्याच्या कामाचा प्रारंभ ४ जुलै १८२८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांच्या हस्ते झाला. त्याच दिवशी बाल्टिमोर येथे बाल्टिमोर आणि ओहायो रेल्वेची कोनशिला बसवण्यात आली. कालवा आणि रेल्वे यांच्यातील स्पर्धेची सुरुवात अशा प्रकारे एकाच दिवशी झाली. पोटोमॅकचे अरुंद खोरे दोन्ही प्रकल्पांना हवे होते आणि जागेच्या हक्कावरून दोन्ही कंपन्यांत न्यायालयीन वाद झाला.

काम मुख्यतः आयरिश व इतर स्थलांतरित मजुरांनी केले. १८३२ मध्ये पटकीच्या साथीने त्यांच्यापैकी अनेकांचा बळी घेतला. १८३४ मध्ये मजुरांच्या गटांतील संघर्षानंतर राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी विल्यम्सपोर्ट परिसरात संघराज्याचे सैन्य पाठवले. कामगारांच्या तंट्यात असे सैन्य वापरण्याची ही अमेरिकेतील पहिली वेळ मानली जाते. कालवा १८५० मध्ये कंबरलँडला पोहोचला. रेल्वे तेथे १८४२ मध्येच पोहोचली होती. अपॅलाचियन पर्वतरांग ओलांडून ओहायो नदीपर्यंत जाण्याची मूळ योजना तेथेच सोडून देण्यात आली.

वापर आणि अखेर

कालव्यातून प्रामुख्याने कोळशाची वाहतूक होत असे. १८७० च्या दशकात ती शिखरावर होती. १८८९ च्या महापुराने कालव्याचे मोठे नुकसान झाले, कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिचा ताबा प्रतिस्पर्धी रेल्वे कंपनीकडे आला. १९२४ च्या पुरानंतर नौकानयन कायमचे बंद पडले. १९३८ मध्ये केंद्र सरकारने कालवा २० लाख डॉलरला विकत घेतला. त्यानंतर सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर या रोजगार योजनेतील कृष्णवर्णीय तरुणांच्या तुकड्यांनी जॉर्जटाउनपासून सुमारे ३५ किलोमीटरच्या खालच्या टप्प्याची दुरुस्ती केली. हा टप्पा आजही बहुतांशी पाण्याने भरलेला असतो. वरच्या भागात कालव्याचे पात्र बऱ्याच ठिकाणी कोरडे असून त्यात झाडी वाढली आहे.

महामार्गाचा प्रस्ताव आणि १९५४ ची पदयात्रा

दुसऱ्या महायुद्धानंतर कालव्याच्या जागेवरून मोटारींसाठी निसर्गरम्य रस्ता बांधण्याचा प्रस्ताव पुढे आला. जानेवारी १९५४ मध्ये ‘द वॉशिंग्टन पोस्ट’ या दैनिकाने अग्रलेखातून त्याला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम ओ. डग्लस यांनी त्याच दैनिकाला पत्र लिहून विरोध नोंदवला आणि अग्रलेखाच्या लेखकाने आपल्याबरोबर संपूर्ण टोपाथ चालून पाहावा, असे आवाहन केले. संपादकांनी ते स्वीकारले.

२० मार्च १९५४ रोजी कंबरलँडहून निघालेली ही पदयात्रा आठ दिवस चालली. वाटेत अनेक जण सामील झाले आणि अनेकांनी ती मध्येच सोडली. डग्लस यांच्यासह फक्त नऊ जणांनी संपूर्ण अंतर पायी पूर्ण केले. यात्रेला देशभर प्रसिद्धी मिळाली, दैनिकाने आपली भूमिका बदलली आणि रस्त्याचा प्रस्ताव मागे पडला. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कालव्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. १९७१ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान स्थापन झाले आणि १९७७ मध्ये ते डग्लस यांना अर्पण करण्यात आले.

मार्ग

टोपाथावरील अंतर जॉर्जटाउनपासून मोजले जाते आणि प्रत्येक मैलावर खांब उभा आहे. प्रमुख टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

* जॉर्जटाउन ते ग्रेट फॉल्स (सुमारे २३ किमी): हा सर्वाधिक वर्दळीचा भाग आहे. मधल्या सुमारे दोन किलोमीटरच्या पट्ट्यात सात लॉक एकामागून एक येतात. ग्रेट फॉल्स येथे पोटोमॅक नदी खडकांतून वेगाने कोसळते.
* ग्रेट फॉल्स ते हार्पर्स फेरी (सुमारे ७५ किमी): शेते आणि पूरमैदानातील जंगलातून जाणारा शांत पट्टा. सेनेका येथील लाल वालुकाश्माचा जलसेतू आणि १८३३ मध्ये पूर्ण झालेला सात कमानींचा मोनोकसी जलसेतू याच भागात आहेत.
* हार्पर्स फेरी ते विल्यम्सपोर्ट (सुमारे ६३ किमी): शेननडोआ नदीच्या संगमापासून हा टप्पा सुरू होतो. चौथ्या बंधाऱ्याच्या वर बिग स्लॅकवॉटर येथे वाट कड्याच्या पायथ्याशी, थेट नदीच्या काठावरून जाते.
* विल्यम्सपोर्ट ते कंबरलँड (सुमारे १३७ किमी): सर्वांत निर्मनुष्य भाग. येथे ९५० मीटर लांबीचा पॉ पॉ बोगदा आहे. नदीची मोठी वळणे टाळण्यासाठी तो खोदण्यात आला आणि १८३६ मध्ये सुरू झालेले हे काम १८५० मध्ये संपले. बोगद्यात अंधार असल्याने विजेरी आवश्यक असते.

कंबरलँड येथे टोपाथाला ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज हा जुन्या लोहमार्गावरील पायमार्ग जोडला जातो. त्यामुळे पिट्सबर्गपर्यंत सुमारे ५४० किलोमीटरची सलग वाट उपलब्ध होते.

धावण्याच्या दृष्टीने

संपूर्ण मार्गावर उंचीत १८४ मीटरचा फरक आहे, म्हणजे सरासरी दर किलोमीटरला सुमारे ६२ सेंटिमीटर. हा चढही सलग नाही. कालव्यात ७४ लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद असून त्यातील पाण्याची पातळी वाढवून किंवा कमी करून नौका वरच्या अथवा खालच्या पातळीवर नेली जात असे. दोन लॉकांमधील वाट सपाट असते आणि लॉकपाशी ती साधारण अडीच मीटरने वर चढते.

पृष्ठभाग दाबलेली माती आणि बारीक खडी यांचा आहे. तो डांबरी रस्त्यापेक्षा मऊ असला तरी पावसानंतर काही भागांत चिखल होतो. सलग सपाटी ही सोयीची तशीच अवघडही ठरते. चढउतार नसल्याने पावलांची पद्धत बदलत नाही, तेच स्नायू तासन् तास वापरले जातात आणि उतारावर मिळणारी विश्रांतीही मिळत नाही. त्यामुळे लांब पल्ल्याचे धावपटू येथे ठरावीक अंतराने चालण्याची योजना आखतात.

शिबिरस्थळांवर हातपंप आहेत, परंतु हिवाळ्यात ते बंद असतात. वरच्या भागात गावे दूरदूर असल्याने पाणी व अन्न सोबत ठेवावे लागते. उन्हाळ्यात उष्णता, दमट हवा आणि गोचिडी यांचा त्रास होतो. गोचिडींमुळे लाइम रोगाचा धोका असतो. पॉइंट ऑफ रॉक्स, ब्रन्सविक आणि हार्पर्स फेरी येथे रेल्वे स्थानके असल्याने एका दिशेने धावून रेल्वेने परतता येते. मात्र प्रवासी गाड्या मोजक्या असल्याने वेळापत्रक आधी पाहणे गरजेचे असते. कालव्याला मागे टाकणारा लोहमार्गच आज त्याच्या वाटेवर धावणाऱ्यांच्या उपयोगी पडतो.

जेएफके ५० मैल शर्यत

या मार्गाशी निगडित सर्वांत प्रसिद्ध शर्यत जेएफके ५० मैल ही आहे. १९०८ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सैनिकी अधिकाऱ्यांसाठी ५० मैल चालण्याची कसोटी घालून दिली होती. १९६३ च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांनी तिचे स्मरण करून दिल्यावर देशभर ५० मैल चालण्याची लाट आली. त्याच वर्षी मेरीलँडमधील बून्सबोरो येथून ही शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ जण निघाले आणि चौघांनी अंतर पूर्ण केले. ती अमेरिकेतील सर्वांत जुन्या अल्ट्रामॅरेथॉन शर्यतींपैकी एक आहे.

सुरुवातीला अ‍ॅपलाचियन ट्रेलच्या खडकाळ वाटेने डोंगर ओलांडून धावपटू वेव्हर्टनजवळ टोपाथावर उतरतात. तेथून चौथ्या बंधाऱ्यापर्यंत ४२.३ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ एका पूर्ण मॅरेथॉनइतके अंतर, ते टोपाथावर धावतात. शेवटचा टप्पा ग्रामीण रस्त्यांवरून विल्यम्सपोर्टपर्यंत जातो. शर्यत दरवर्षी नोव्हेंबरमध्ये होते.

निसर्ग

काठावर सिकॅमोर, सिल्व्हर मेपल आणि पॉपॉ ही झाडे विपुल आहेत. पॉपॉच्या फळावरूनच पॉ पॉ या गावाचे आणि पर्यायाने बोगद्याचे नाव पडले. वसंत ऋतूत पूरमैदानात व्हर्जिनिया ब्लूबेल या निळ्या फुलांचे ताटवे दिसतात. मोठे निळे बगळे, कासवे, बीव्हर आणि पांढऱ्या शेपटीची हरणे येथे नित्य आढळतात.

पूर आणि देखभाल

ज्या नदीसान्निध्यामुळे मार्ग रमणीय ठरतो, तेच त्याच्यावरील मुख्य संकट आहे. १९७२ मधील अ‍ॅग्नेस वादळ, १९८५ चा पूर आणि १९९६ मधील दोन पूर यांत बांध व वाट ठिकठिकाणी वाहून गेली. १९९६ नंतर बिग स्लॅकवॉटरचा टप्पा बंद राहिला आणि प्रवाशांना वळसा घालून वाहनांच्या रस्त्याने जावे लागे. काँक्रीटचा नवा मार्ग बांधून तो २०१२ मध्ये पुन्हा खुला करण्यात आला. १९२० मध्ये भिंत कोसळलेला विल्यम्सपोर्ट येथील कोनोकोचीग जलसेतू २०१९ मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा पाण्याने भरला गेला. वाट वाहून जाणे, झाडे पडणे आणि दुरुस्तीची कामे यांमुळे काही टप्पे वेळोवेळी बंद असतात. अशा टप्प्यांची माहिती उद्यान सेवा प्रसिद्ध करते.

हे सुद्धा पहा

* पोटोमॅक नदी
* अ‍ॅपलाचियन ट्रेल
* अल्ट्रामॅरेथॉन
* विल्यम ओ. डग्लस