शेपटीत तार, पायाला लेबल

सकाळी सात. खोपटहून ठाणे स्टेशनपर्यंत रिक्षा, तिथून सीएसएमटीची फास्ट. नीट उभं राहायला मिळालं तरी पुरतं. मोबाईलवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राणी सर्वेक्षणाचे जुने अहवाल असतात, ते भायखळ्यापर्यंत वाचून होतात. भायखळा आलं की हटकून आठवतं: सोसायटीच्या सुरुवातीच्या सभा इथल्याच संग्रहालयात, आजच्या भाऊ दाजी लाडमध्ये, भरत. स्थापना १५ सप्टेंबर १८८३ची. आठ संस्थापकांपैकी दोघे मराठी डॉक्टर होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. आपल्याकडे एकाची ओळख प्रार्थना समाजामुळे, दुसऱ्याची रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून. प्राण्या-वनस्पतींच्या अभ्यासासाठी ते या मंडळींत बसत, हेही तितक्याच अभिमानाने सांगायला हवं.

साडेनऊ. लायन गेटसमोर हॉर्नबिल हाऊस. हातमोजे घालायचे, मग कपाटं. जुन्या कातड्यांना आतून आर्सेनिकचा साबण चोळलेला असतो, त्यामुळे उघडा हात लावायचा नाही. प्रत्येक ड्रॉवर ओढून आधी तळ पाहायचा. बारीक भुकटी, गळलेले केस, किड्याची कात यातलं काही दिसलं तर तो ट्रे लगेच वेगळा काढायचा. पावसाळ्यात हे काम दुप्पट होतं, कारण मुंबईची दमट हवा कातड्यात शिरते. सकाळ यातच जाते. मला हे काम कधीही हलकं वाटलेलं नाही. शंभर वर्षं टिकलेला उंदीर एका हंगामात किडीच्या तोंडी जाऊ शकतो.

साडेअकरा. जळगावकडचा एक विद्यार्थी आला आहे. शेताच्या बांधात बिळं करणारा, लांब शेपटीचा जर्बिल त्याच्या अभ्यासाचा विषय. त्याला खानदेशातले जुने नमुने पाहायचे आहेत.

“मॅडम, इतक्या जुन्या काळात खानदेशातच कसे आले हे सर्वेक्षणवाले?”

आले, कारण सर्वेक्षणाची सुरुवातच तिथून झाली. साल १९११. वाघ, गवा, सांबर मारणाऱ्या शिकाऱ्यांचा देशात तोटा नव्हता. त्यांची शिंगं आणि कातडी बंगल्यांच्या भिंतींवर होती. उंदीर, चिचुंद्र्या, खारी, वटवाघळं मात्र कोणी गोळा करत नव्हतं. सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी सरकार, संस्थानिक आणि सभासद यांच्याकडून पैसा उभा केला आणि पगारी संग्राहक नेमले. सी. ए. क्रम्प खानदेशात उतरले. पुढे वऱ्हाड, कच्छ, धारवाड, कूर्ग असं करत हे काम ब्रह्मदेशापर्यंत गेलं. नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जात. तिथे भारतातल्या वनखात्यातून निवृत्त झालेले आर. सी. रॉटन त्यांची छाननी करून अहवाल लिहीत.

त्या विद्यार्थ्याला मी क्रमच सांगितला. संध्याकाळी सापळे लावायचे, पहाटे उचलायचे. डोकं-धड, शेपूट, मागचं पाऊल, कान अशी चार मापं घ्यायची. कातडं सोलून कापूस भरायचा, शेपटीत तार घालायची, पाय ताणून फळीवर टाचण्यांनी बसवायचं. कवटी वेगळी साफ करून तिला कातड्याचाच क्रमांक द्यायचा. शेवटी मागच्या पायाला लेबल: ठिकाण, तारीख, नर की मादी, मापं, पकडणाऱ्याचं नाव. हे सगळं तंबूत, कंदिलाच्या उजेडात, जनावर सडायच्या आत.

दुपारी दीड. डबा. आज पोळी आणि घेवड्याची भाजी.

दोन. वटवाघळांचा कप्पा. इथे मी रेंगाळतेच. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातलं तळेवाडी, त्याच्याजवळची बारापेडे गुहा. सोसायटीच्या एस. एच. प्रेटर यांना तिथे मोठ्या कानांचं एक वेगळंच वटवाघूळ मिळालं. ब्रिटिश म्युझियमच्या ऑल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ साली त्याला रॉटन यांचं नाव दिलं. कितीतरी वर्षं साऱ्या जगात त्याचा ठावठिकाणा ही एकच गुहा होती. हेच प्रेटर पुढे संविधान सभेचे सदस्य झाले. भारतीय प्राण्यांवरचं त्यांचं १९४८चं इंग्रजी पुस्तक आजही आमच्या टेबलावर असतं.

त्याच वर्षी, १९४८ साली, तामिळनाडूच्या हाय वेव्ही डोंगरात अँगस हटन यांनी एक फळं खाणारं वटवाघूळ पकडलं. नेहमीच्या जातीचं समजून त्यावर तसं लेबल लागलं आणि ते सोसायटीच्या संग्रहात पडून राहिलं. १९७२ साली थायलंडचे कित्ती थोंगलोंग्या यांनी ते तपासलं. जातच काय, प्रजातीही नवी निघाली! सालिम अलींच्या सन्मानार्थ जातीचं नाव ठेवलं, लॅटिडेन्स सालिमअलीआय. चोवीस वर्षं लेबलावरचं नाव चुकीचं होतं, पण ठिकाण बरोबर होतं. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. नाव चुकलं तर पुढचा माणूस दुरुस्त करील. ठिकाण चुकलं तर मात्र तो नमुना गेला, कोणीही काही करू शकत नाही.

साडेतीन. कवट्यांच्या नळ्या आणि नोंदवहीतले क्रमांक पडताळायचे. शाई फिकी होत चालली आहे, म्हणून प्रत्येक लेबलाचा फोटो. विद्यार्थी विचारतो, एवढी जनावरं मारायची गरज होती का? प्रश्न रास्त आहे. आज वन्यजीव संरक्षण कायदा आहे, परवानगीशिवाय असा संग्रह करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणूनच आधी मारलेल्यांचा पुरेपूर उपयोग करणं हे आपलं कर्तव्य आहे. जुन्या कातड्याच्या तळव्याच्या कणभर तुकड्यातून आता डीएनए काढता येतो. क्रम्प यांच्या काळी हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

एक सल मात्र आहे. ज्या नमुन्यावरून नवी जात जाहीर होते त्याला टाईप म्हणतात. सर्वेक्षणातल्या नव्या जातींचे टाईप लंडनला राहिले. पुढे चित्र बदललं. सिंहगडावरच्या उंदराची जात १९७५ साली मिश्रा आणि धांडा यांनी जाहीर केली, पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधून. कोंढाणा हे गडाचं नाव त्या जातीला मिळालं. मूळ प्रजातीच्या नावात मिलार्ड आहेतच, त्यामुळे सर्वेक्षण उभं करणारा माणूस आणि तानाजींचा गड एकाच लेबलावर येतात.

साडेसहा. परतीच्या गाडीत वाचन होत नाही, झोप येते.

रात्री आठ. खोपट. वरच्या मजल्यावरचा मुलगा वाट पाहत उभा. आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीवर त्याने उदमांजराचा फोटो काढलाय.

“काकू, हे येऊरच्या जंगलातून आलं असेल?”

“तसं ठरवायचं कशाला? गावाशहरांतही ते राहतं. कधी पाहिलंस?”

“काल रात्री.”

“किती वाजता? आणि नुसतं खोपट लिहू नकोस. कुठली भिंत, शेजारी झाड कुठलं, तेही लिही.”

तो वही आणायला जिना चढून गेला.